गाडीला प्ले आलाय? आधी विचारा, कुठे!

जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा एक आवाज असतो. सिग्नल सुटतो, तुम्ही क्लच सोडता आणि सीटखालून येतं 'टक्'. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुन्हा 'टक्'. शेजारी बसलेला कलीग लगेच निकाल देतो, ''बॉस, डिफरन्शियल गेलं. विकून टाक!''

थांबा मंडळी. 'टक्' म्हणजे 'गेलं' असं नसतं.

आमच्या घरी याच आवाजावरून वाद पेटला होता. मी पुण्यात, आई-बाबा आमगावला. गोंदियाहून पुढे जवळपास २५ किलोमीटर, धानाच्या बांध्यांमधलं आमचं गाव. बाबांची गाडी १७ वर्षांची, मागच्या चाकांवर चालणारी. देवरीला आत्याकडे जायचं असो की आईला तपासणीसाठी गोंदियाला न्यायचं असो, भिस्त तिच्यावरच. एका गॅरेजने अख्खं डिफरन्शियल बदलायचा सल्ला दिला; खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्मा. दादा म्हणे, विका. बाबा म्हणत, चालतेय ना! आणि आईचा प्रश्न एकच: रात्री आडरस्त्याला बंद पडली तर?

शेवटी गावातल्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आवाज ऐकला आणि हसले. ''गुरुजी, दात म्हटले म्हणजे फट राहीनच ना जी!''

सगळा फंडा या एका वाक्यात आहे. दोन गिअरचे दात एकमेकांत गच्च बसवले तर तेलाला जागा उरत नाही, धातू तापून फुगला की ते जाम होतात. म्हणून कोऱ्या डिफरन्शियलमध्येही क्राऊन आणि पिनियनच्या दातांत साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर फट मुद्दाम ठेवतात. ओम्नी, बोलेरो किंवा ॲम्बेसिडरसारख्या गाडीत इंजिनपासून मागच्या चाकापर्यंत अशा बऱ्याच फटी असतात: गिअरबॉक्समध्ये, शाफ्टच्या खाचांत, डिफरन्शियलमध्ये, ॲक्सलच्या टोकाशी. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं घासतं, त्यांची बेरीज होते आणि ती 'टक्' म्हणून ऐकू येते. त्यातून प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, म्हणून चाकाकडचा जरासा प्लेही शाफ्टवर चांगला ठसठशीत दिसतो. हाताने शाफ्ट थोडासा मागेपुढे फिरला म्हणून लगेच टेन्शन घेऊ नका.

मग खरं दुखणं ओळखायचं कसं? सपाट जागा, इंजिन बंद, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हॅण्डब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. आता शाफ्टच्या क्रॉस जॉइंटच्या दोन्ही बाजू दोन हातांत धरा आणि उलटसुलट पिळा, मग वरखाली हलवा. इथे मात्र माफी नाही. दातांना फट लागते, पण क्रॉसच्या बेअरिंगमध्ये हाताला जाणवणारी फट म्हणजे ते संपलं. हळू चालताना 'कट-कट-कट' आणि भोवती गंजाची लालसर पूड, ही त्याची आणखी लक्षणं. दुर्लक्ष केलंत तर एखाद दिवशी शाफ्ट सुटून रस्त्यावर लोळेल.

पुढे डिफरन्शियलचं तोंड. पिनियनचा शाफ्ट गोल फिरताना थोडा प्ले चालतो. वरखाली किंवा आतबाहेर हलला तर बेअरिंग बघायलाच हवं. पाय दाबल्यावर घूं करणारा आणि सोडल्यावर बदलणारा आवाजही तिकडेच बोट दाखवतो. तेल काढलं की प्लगच्या चुंबकावर करडा लगदा दिसेल, तो वयाचा. चकाकते तुकडे दिसले तर मात्र काम निघालं. आणि पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली असेल तर तेल दुधाळ झालंय का, हेही पाहा. आमच्याकडे हे दरवर्षी बघावं लागतं.

तुमची हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालते? मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा. 'कट-कट' आलं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट तपासा. त्याचं रबरी बूट फाटलेलं असेल तर आवाजाची वाट बघू नका.

आमच्या गाडीचा मागचा क्रॉस गेला होता. तो अर्ध्या दिवसात बदलला. डिफरन्शियलचं तेल स्वच्छ, पिनियन पक्कं. मिस्त्रींनी फ्लँजवर खडूने दोन रेघा मारल्या: शाफ्ट इकडे किती, तिकडे किती. मधलं अंतर बाबांनी डायरीत लिहिलं, पुढे किलोमीटरचा आकडा. दर ५,००० किलोमीटरला पुन्हा मोजायचं. अंतर तेवढंच राहिलं तर ते गाडीचं वय. वाढत गेलं तर आजार, आणि तेव्हा मोठा खर्च करायचा की गाडी काढायची, ते ठरवू.

'टक्' अजून येतं, पूर्वीपेक्षा कमी. आईने ते ऐकलं, डायरीतला आकडा बघितला आणि देवरीला जायला पिशवी भरायला घेतली.