रंगीत तालीम घरापर्यंत यावी

शाळाशाळांतून आपत्तीची रंगीत तालीम होते ही चांगली गोष्ट आहे, हे मी आधीच मान्य करते. घंटा वाजली की बाकाखाली शिरायचे, डोके व मान झाकायची, हादरे थांबले की रांगेने मैदानात जायचे. भूकंपात माणसे मरतात ती बहुतेक अंगावर कोसळणाऱ्या भिंतींमुळे आणि जड वस्तूंमुळे. तेव्हा डोके वाचवणे हा पहिला धडा योग्यच आहे. परंतु ही तालीम शाळेच्या फाटकाशी संपते. आणि संकट काही शाळेचे वेळापत्रक पाहून येत नाही.

आपल्या महाराष्ट्राचाच इतिहास पाहा. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 रोजी, तोही पहाटे चारच्या सुमारास. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकती झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार यांखाली सुमारे दहा हजार माणसे गेली. या दोन्ही वेळी मुले वर्गात नव्हती, घरात अंथरुणावर होती.

माझी आजी पाटण तालुक्यातली. कोयनेच्या वेळी ती बारा वर्षांची होती. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली मीच पहिली. पण भूकंप म्हणजे काय हे मला पुस्तकाच्या आधी तिने सांगितले. "आधी भांडी बोलली, मग भिंत बोलली," असे ती म्हणते. त्यानंतर कित्येक रात्री त्यांचे घर अंगणात झोपत होते. कोणीही न शिकवता लोकांनी भिंतीपासून दूर राहण्याचा धडा घेतला, परंतु तो फार मोठी किंमत देऊन. ही किंमत आधी द्यावी लागू नये, यासाठीच तर तालीम असते!

आज आम्ही घाटकोपरला डोंगराच्या उतारावर राहतो. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, भिंतीला भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात गॅसचा सिलिंडर. माझ्या धाकट्या भावाने शाळेतली तालीम घरी करून दाखवली आणि विचारले, "ताई, आपल्याकडे बाक कुठाय?" हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. उपनगरांतल्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या हजारो मुलांचा आहे. आणि त्याला उत्तर आहे. टेबल नसेल तर आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात बसून दोन्ही हातांनी डोके व मान झाकावी. मांडणी भिंतीला पक्की बांधावी, जड डबे खाली ठेवावेत, झोपण्याची जागा मांडणीपासून दूर घ्यावी, हादरे थांबताच गॅस बंद करावा. याला चार खिळे आणि थोडी तार लागते. शाळेने हे सांगितले असते, तर ते आमच्या गल्लीत घरोघर पोहोचले असते.

"मुंबईत कुठे असे काही होते?" असे कोणी म्हणेल. नोव्हेंबर 1945 मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि मुंबईपर्यंत सुमारे दोन मीटर उंचीच्या लाटा आल्या. आपल्या वर्सोव्याला माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. आणि डोंगराबद्दल काय सांगावे? 12 जुलै 2000 रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठाहून अधिक माणसे गाडली गेली.

दुसरी गोष्ट अशी की, सगळ्या संकटांना एकच कवायत चालत नाही. जपानात 11 मार्च 2011 रोजी भूकंप झाला तेव्हा ओकावा येथील प्राथमिक शाळेची मुले शिस्तीने मैदानात जमली. पुढे कोठे जायचे हे मात्र नीट ठरलेले नव्हते. टेकडी जवळच असूनही सारे पाऊण तासाच्या वर खोळंबले आणि त्सुनामीने 74 मुले व 10 शिक्षक नेले. त्याच दिवशी कामाइशी शहरात मोठी मुले लहानांचे हात धरून उंचावर पळाली आणि वाचली. तिथे मुलांना कारण शिकवले होते: समुद्राकाठी मोठा हादरा बसला की कोणाची वाट पाहायची नाही, उंचावर जायचे. आमच्या डोंगरउतारावर तर नियम आणखी वेगळा. मुसळधार पावसात जमिनीला भेगा पडल्या, खांब कलले, की उतार सोडायचा. घंटा फक्त पाय हलवते. कुठल्या दिशेने जायचे हे कारण समजल्यावरच कळते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. वर्षातून एकदा तरी तालीम आगाऊ न सांगता व्हावी. आधी जाहीर करून, फोटो काढून उरकलेल्या तालमीत मुले फक्त रांग शिकतात. प्रत्येक मुलाने आपल्या घराचा आणि मोकळ्या जागेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढावा आणि तो घरच्यांना समजावून सांगावा, हा गृहपाठ असावा. वर्सोव्याच्या शाळेत समुद्राचा आणि घाटकोपरच्या शाळेत दरडीचा धडा असावा.

आणि मित्रहो, आपण कॉलेजचे विद्यार्थी काय करणार? आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने येत्या पावसाळ्याआधी एक रविवार खिळे, तार आणि हातोडी घेऊन डोंगरावरच्या वस्तीत यावे. भूगोलाच्या प्राध्यापकांनी सोबत यावे. वस्तीतल्या वाटा दाखवण्याचे काम माझ्याकडे.