गट वाढला, आता कारभारही बदला

भातलावणीला सावड घालायची आपली जुनी रीत. आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. त्याची वही कोणी ठेवत नाही, तरी कोणी फसत नाही. कारण सगळे एकाच चिखलात उभे असतात. मोगऱ्याचं तसं नाही. कळी पहाटे खुडायची, ती जाते दादरच्या फुलबाजारात. तिथला भाव रोज वर-खाली. किती माल गेला, काय भावाने विकला, हे पाड्यावरच्या माणसाला दिसत नाही.

जव्हार-मोखाडा भागात मोगऱ्याचे, आंबा-काजूच्या वाड्यांचे गट उभे राहिले, ही चांगलीच गोष्ट. पण गट वाढला की गटप्रमुखाची कसोटी लागते. माझ्या पाहण्यातल्या एका गटात आधी ११ घरं होती. प्रमुख संध्याकाळी ओट्यावर बसून भाव सांगायचा, लोक मानायचे. पुढे घरं ४० वर गेली, पाडे तीन झाले, टेम्पो भाड्याने आला. प्रमुख तोच, प्रामाणिकही तेवढाच, पण हिशोब अजून त्याच्या डोक्यातच! तिसऱ्या पाड्याला संशय आला. आडत्याची पट्टी सर्वांसमोर वाचली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. मीच त्याला म्हणालो होतो, "लोक काय, बोलतातच." पुढच्या हंगामात निम्मी घरं फुटली. ती चूक माझीही आहे.

आता शेतकरी उत्पादक कंपनीचा आग्रह धरला जातो. कायद्याने १० उत्पादक आणि ५ संचालकांवर कंपनी होते. २०२० च्या केंद्राच्या योजनेत मात्र सपाटीवर ३०० आणि डोंगरी भागात १०० सभासदांची अट घातली गेली. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, ही त्यातली मोठी जमेची बाजू. पण आम्ही खात्याची माणसं उद्दिष्टामागे धावतो. वही लिहिणारा दुसरा माणूस तयार नसतो, आणि नोंदणीचे कागद तयार होतात. हे उलटं आहे.

सभेची वेळही पाहा. दिवाळी झाली की ज्यांची कळी अजून लागलेली नाही, ती घरं वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. मागे राहिलेल्यांनी ठराव केला, तर आलेला माणूस विचारणारच, "मला कोणी विचारलं?" म्हणून मोठा बदल दिवाळीआधी ठरवा, नाहीतर शिमग्याला माणसं घरी येतात तेव्हा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तेवढी तारीख सांभाळली तरी पुष्कळ झालं.

आणि प्रमुखाने सगळं स्वतः करू नये. पट्टी वाचायला दहावी झालेली सून चालते. प्रमुखाच्या घरातली नको, दुसऱ्या पाड्यातली बघा. तिला एकदा टेम्पोबरोबर दादरला पाठवा, भाव कसा फुटतो ते तिला डोळ्यांनी पाहू द्या.