अर्ध्या मेंदूचा मनुष्य

वार्षिक निकालाच्या दिवशीं आठवींतील एका मुलाचे वडील मजकडे आले व म्हणाले, "सर, आमचा मुलगा उजव्या मेंदूचा निघाला. गणित त्याला जमायचें नाहीं. आम्हीं त्याची शिकवणी बंद केली." आपल्या उपनगरांत, बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत, बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या मेंदूची कोणती बाजू प्रबळ आहे हें सांगणारे बरेच झाले आहेत, तेथून हा कौल आला होता. मुलगा शेजारीं मान खालीं घालून उभा होता.

या कौलांत सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो अधिक घातक. मेंदूच्या दोन गोलार्धांचीं कामें सर्वस्वी सारखीं नाहींत, हें खरें. १८६१ सालीं पॅरिस येथें ब्रोका नामक शस्त्रवैद्यानें वाचा गेलेल्या एका रोग्याचा मेंदू मरणोत्तर तपासला, तेव्हां डाव्या गोलार्धाचा पुढील भाग बिघडलेला आढळला. आमच्या घाटकोपरच्या चाळींतील एका वृद्ध गृहस्थांस अर्धांगवायु झाला, तेव्हां मींही हें पाहिलें. डावा गोलार्ध उजव्या अंगावर सत्ता चालवितो. त्यांचा उजवा हात लुळा पडला व वाचाही गेली. 'पाणी' एवढा शब्द मुखांतून निघेना. पण सायंकाळीं नात अभंग म्हणूं लागली कीं तिच्याबरोबर ते सबंध चरण स्पष्ट म्हणत! गाण्याच्या कामांत उजव्या गोलार्धाचा वांटा मोठा असतो.

पुढें अमेरिकेंत रॉजर स्पेरी यांनीं, अपस्मारावर उपाय म्हणून ज्यांच्या दोन गोलार्धांमधील तंतूंचा सेतु छेदला होता, अशा रोग्यांची परीक्षा केली. डावीकडे क्षणभर दाखविलेली वस्तु "दिसली नाहीं" असें रोगी म्हणे, आणि त्याचाच डावा हात ती वस्तु चांचपून उचली. स्पेरी यांस १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु आपल्या मुलांचा तो सेतु शाबूत आहे, सुमारें वीस कोटि तंतूंचा! ठसेवाले नेमके हेंच विसरतात. २०१३ सालीं युटा विद्यापीठांत हजाराहून अधिक लोकांच्या मेंदूंचीं चित्रें तपासलीं. कांहीं कामें एकेका बाजूस अधिक चालतात असें दिसलें. सबंध 'डाव्या मेंदूचा' वा 'उजव्या मेंदूचा' मनुष्य मात्र सांपडला नाहीं.

हातावरूनही निदान करूं नये. फेब्रुवारी १९८८ मध्यें आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या दोघां विद्यार्थ्यांनीं सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागी रचली. (आपल्यासारख्याच मिशनरी शाळेची ती गत झाली, हें लिहितांना थोडें जड जातें.) तेंडुलकर उजव्या हातानें फलंदाजी करी, पण लेखणी डाव्या हातांत धरी, कांबळी डाव्या हातानें फलंदाजी करी, पण चेंडू उजव्या हातानें टाकी. या दोघांस कोणत्या अर्ध्यांत बसवावें? डावखुऱ्यांतही दहांपैकीं सुमारें सात जणांच्या वाचेचें केंद्र डाव्याच गोलार्धांत असतें.

माझ्या लहानपणीं डाव्या हातांत पेन्सिल धरली कीं बोटांवर पट्टी बसे. मी उजव्या हातानें लिहावयास शिकलों. माझें अक्षर अद्याप वाईट आहे.

त्या मुलास मीं भूमितीचें पुस्तक देऊन आठवड्यानें एक प्रमेय सिद्ध करून आणावयास सांगितलें. त्यानें आणलें. एक पायरी चुकली होती. ती दाखविली, आणि शिकवणी पुन्हां सुरू करण्याविषयीं वडिलांस चिठ्ठी लिहून दिली.