थोडा काळोख हवा!

(द्वितीय वर्ष, कला)

काळोखाबद्दल चांगले बोलणारा माणूस आपल्याकडे विरळाच. अज्ञान म्हणजे अंधार आणि ज्ञान म्हणजे प्रकाश, असे आपण शाळेपासून निबंधांत लिहीत आलो. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्या मुलाला तर हे वाक्य प्रत्येक सत्कारात ऐकावे लागते. तरीही मी येथे काळोखाची बाजू मांडणार आहे. माझा साक्षीदार आहे मृग नक्षत्रातला तेजोमेघ.

तो शोधायला मोठी दुर्बीण लागत नाही. मार्च महिन्यात रात्री साडेआठच्या सुमारास खारदांड्याच्या किनाऱ्यावर उभे राहून नैर्ऋत्येला वर पाहावे. एका ओळीतले तीन तारे, म्हणजे व्याधाचा बाण, चटकन सापडतात. त्यांच्या दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची एक छोटी रांग आहे. तिच्या मधल्या ठिपक्यावर साधी ७ × ५० ची द्विनेत्री रोखली, की तो काचेवर फुंकर मारावी तसा धूसर दिसतो. हाच तो तेजोमेघ. सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर असलेल्या या वायूच्या आणि धुळीच्या ढगात आजही नवे तारे जन्म घेत आहेत.

छायाचित्राला कष्ट अधिक. पृथ्वी ताशी पंधरा अंश फिरते, त्यामुळे तिपाईवरच्या कॅमेऱ्याची झडप फार वेळ उघडी ठेवली तर ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून पाच-पाच सेकंदांची शंभर चित्रे घेऊन ती संगणकावर एकावर एक रचायची. चित्रातली खरखर त्यामुळे साधारण दहापटीने कमी होते आणि डोळ्यांना राखाडी दिसणारा ढग गुलाबी उमटतो. तो रंग हायड्रोजनचा. काहींना तो खोटा वाटतो. पण मंद उजेडात रंग न ओळखणे ही डोळ्याची मर्यादा आहे, त्यात तेजोमेघाचा काय दोष?

“आर्ट्सवाल्याला हे उद्योग कशाला?” असे मला विचारले गेले आहे. याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटे प्रकाश साठवून घेतले. त्यांचे शिक्षण वैद्यकीचे होते. तीन वर्षांनी त्याहून सरस चित्र घेणारे अँड्र्यू कॉमन हे व्यवसायाने सांडपाण्याच्या कामांचे अभियंते. आपल्या पुण्यात कावसजी नायगमवाला यांनी भावनगर संस्थानच्या देणगीच्या साहाय्याने वेधशाळा उभारली आणि याच तेजोमेघाच्या वर्णपटाचे निरीक्षण १८९१ साली प्रसिद्ध केले. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्र होते, पण मागे पाहणारे उरले नाहीत. म्हणून मला वाटते, पाहणारे तयार करणे हे कोणत्याही एका शाखेचे काम नव्हे.

आता पाहणारे तयार झाले तरी आकाश हवे ना! जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड ठराविक रंगाचा असल्याने गाळणीने बराचसा अडवता येई. पांढऱ्या एलईडी दिव्यांत सगळेच रंग मिसळलेले, त्यामुळे गाळायचे तरी काय? म्हणून मुंबईचे हौशी निरीक्षक अमावास्येच्या आसपास वांगणीसारख्या ठिकाणी रात्र काढत आले आहेत.

आमच्या कोळीवाड्याला हे नवे नाही. उधाण आणि भांग यांचे गणित तिथीवरच चालते. समुद्रात प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्यावर २०१७ साली केंद्र सरकारने बंदी घातली, कारण त्या उजेडाकडे लहानमोठी सगळीच मासळी ओढली जाते आणि छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात काही उरत नाही. बाबा म्हणतात, “दर्याला पण रात लागते रं!” मला वाटते, आभाळालाही लागते.

यावर कोणी म्हणेल, दिवे विझवून चोरांना मोकळे रान द्यायचे काय? आक्षेप रास्त आहे. माझी आई मासळी आणायला पहाटे अंधारात घर सोडते. तिला दिवा हवाच, पण तो तिच्या पायापुढे हवा, ढगांवर नको. दिव्याला वरून झाकण घातले तर रस्ता उजळतो आणि आकाशही वाचते. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात गावांतले दिवे असे खाली वळवले गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. जे खेड्यांना जमले ते आपल्या वॉर्डाला का जमू नये?

कॉलेजपुरत्या माझ्या सूचना तीनच. ग्रंथालयाने एक द्विनेत्री घ्यावी आणि पुस्तकासारखी आठवड्यासाठी घरी द्यावी. समारंभ संपताच इमारतीवरचे झोत बंद करावेत. आणि वर्षातून एका अमावास्येला, कोणत्याही शाखेची अट न घालता, सर्वांनी दांड्याच्या किनाऱ्यावर जमावे. ज्याला व्याधाचा बाण ओळखता येत नसेल त्याला दाखवायला मी आहेच.