गायकवाडी डब्यांना रंग नको, छप्पर हवे

निवडणूक जवळ आली की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्याकडे येतात, सयाजीराव महाराजांच्या पुतळ्याला हार घालतात आणि बडोद्याच्या वारशाविषयी चार गोड शब्द बोलून जातात. पुढच्या वेळी त्यांना एकच विचारावे. गायकवाडी नॅरोगेजच्या जुन्या डब्यांचे तुम्ही काय करणार?

खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1862 साली, डभोई-मियागाम मार्गावर अडीच फुटी रुळांवरून बैलांनी गाडी ओढली. हलके रूळ इंजिनाचे वजन पेलेनात, म्हणून ते बदलून 1873 पासून इंजिन धावू लागले. पुढे जाळे पसरले. डांगातले सागवान बिलिमोऱ्याला उतरले तेही याच रेल्वेने. 2018 साली रेल्वेने गुजरातेतले पाच नॅरोगेज मार्ग, एकूण 204 किलोमीटर, वारसा म्हणून राखायचे ठरवले. त्यांतलाच बिलिमोरा-वघई मार्ग 2020 च्या अखेरीस तोट्याच्या यादीत टाकून बंद करायला निघाले! लोकांनी आवाज उठवला तेव्हा सप्टेंबर 2021 मध्ये गाडी परत सुरू झाली. अर्ज-विनंत्यांनी काही होत नाही असे म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

मार्गासाठी निदान आरडाओरड तरी होते. डब्यांना वाली नाही. इंजिन चौथऱ्यावर चढवतात, त्याच्यापुढे फोटो निघतात. इंजिन लोखंडाचे, चार पावसाळे दुर्लक्ष झाले तरी उभे राहते. लाकडी डब्याचे तसे नाही. छताच्या सांध्यातून पाणी एकदा आत शिरले की ते फळ्यांच्या मागून खाली उतरते आणि तळाच्या चौकटीत साचते. वरून सगळे ठाकठीक दिसते, आत लाकूड कुजलेले असते आणि बोल्ट गंजून जागीच धरलेले असतात. त्यावर उपाय म्हणून दर पाहुण्याच्या आगमनाला ऑइलपेंटचा नवा थर! ओल आत कोंडते आणि जुने आकडे, जुनी अक्षरे कायमची बुजतात. याला जतन म्हणत नाहीत. 1886 साली बांधलेला बडोद्याच्या महाराजांचा खास डबा आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. राजाच्या डब्याला जागा मिळाली याचा आनंदच आहे. पण तिसऱ्या वर्गाच्या बाकावर बसून गेलेली आपली आजी-पणजी कुठे दाखवायची?

माझा जन्म हिशेबात गेला, म्हणून पैशाचे सांगतो. खरी गोम भांडवली खर्च आणि चालू खर्च यांत आहे. डबा क्रेनने उचलून बागेत आणायला एकरकमी मंजुरी मिळते, कारण तिथे फीत कापता येते. दर वर्षी छत तपासायला, वाळवीचे औषध मारायला, सुताराला मजुरी द्यायला मात्र कोणत्याच खात्यात तरतूद नसते. वहीत डब्याची किंमत घसारा वजा जाता भंगाराएवढी उरलेली, तेव्हा साहेब तरी सही कशाला करील? यावर सरळ मार्ग म्हणजे डबा ठेवतानाच कायम ठेव करावी आणि व्याजातून देखभाल चालवावी. आमदार-खासदार निधीची घोषणा करणाऱ्यांना आधी देखभालीचा आकडा विचारावा, मग टाळ्या वाजवाव्यात.

पहिली मागणी शेडची हवी. साधे पत्र्याचे चालेल, पण चारी बाजूंनी पागोळ्या बाहेर पडतील असे. त्यानंतर प्रत्येक डब्याची नोंदवही: कुठे बांधला, कधी, कोणती फळी मूळची आणि कोणती बदललेली. रंगाचे शेवटी पाहू.

आणि हे सारे बडोद्यात अशक्य म्हणणे तर हास्यास्पद आहे. रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्था 1952 साली आपल्याच प्रतापविलास राजवाड्यात आली. रेल्वेच्या कारखान्यात सुतारकी, लोहारकी, रंगकाम केलेले कितीतरी जण आपल्या वाड्यांतून आणि सोसायट्यांतून निवृत्त होऊन बसले आहेत. मंडळाने निवेदन नेण्याआधी त्यांची यादी करावी आणि त्यांतल्या दोघा-तिघांना शिष्टमंडळात पुढे बसवावे. भाषण करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, ते मागच्या रांगेत बसले तरी चालेल.