कडू होता, तरी प्यायलात?

"सकाळी काय घेतलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुधीचा रस."

त्यांचं पेन थांबलं. "कडू होता?"

"हो. बराच."

"मग प्यायलात कशाला?"

हाताला सलाइन, तोंडाला कोरड, आणि समोर हा प्रश्न. उत्तर होतं माझ्याकडे, पण सांगायची लाज वाटत होती. डॉक्टर, कडू होता म्हणूनच तर प्यायले!

तर झालं असं. ऑफिसच्या मेडिकल चेकअपमध्ये माझं कोलेस्टेरॉल जरा वर निघालं आणि मी एकदम हेल्थवाली झाले. पहाटेचा गजर, नवे शूज, टेकडी. आणि टेकडी उतरलं की पायथ्याशी रसवाले काका. दुधी, कारलं, आवळा, आलं, पुदिना, वर काळं मीठ. आमच्या पुण्यात टेकडी चढण्याइतकाच तो ग्लास महत्त्वाचा. महिनाभर रोज घेतला, काही झालं नाही. त्या दिवशी मात्र पहिल्या घोटालाच जीभ आक्रसली.

"काका, आज फार कडू लागतोय."

"ताई, कडू तेच गुणकारी!"

मागे उभ्या असलेल्या ट्रॅकसूटवाल्या आजोबांनीही मान डोलावली. मग काय, नाक दाबून अर्धा ग्लास रिचवला. उरलेला ठेवून दिला, कारण कंपनीची बस चुकली असती. त्या बसचे उपकार मला नंतर कळले.

वाकडच्या पुलावर पोटात पीळ पडला. पुढचं वर्णन तुमच्या चहाच्या वेळेला शोभणारं नाही. दोन वर्षं ज्याच्याशी 'हाय'पलीकडे बोलले नव्हते, त्या शेजारच्या सीटवरच्या मुलाने डबा मांडीवर काढून घेतला आणि रिकामी पिशवी माझ्यापुढे धरली. हॉस्पिटलपर्यंत सोबतही तोच आला. एक रात्र तिथे काढली, बीपी जागेवर आलं, सुटले.

घरी आल्यावर वाचत बसले. दुधी, काकडी, दोडका, घोसाळं, भोपळा, कलिंगड हे सगळं एकाच खानदानातलं. या वेलींकडे किडे आणि जनावरं दूर ठेवण्यासाठी एक जालीम कडू द्रव्य असतं, कुकुरबिटासिन. रानटी फळांत ते ठासून भरलेलं असतं. माणसाने शेकडो पिढ्या गोड वेलींचंच बी धरलं, म्हणून आपल्या ताटातला दुधी इतका मवाळ झाला. पण ती जुनी खोड पुरती गेलेली नाही. घरी धरलेल्या बियाण्यात रानटी भाईबंदाचा पराग मिसळला, किंवा वेलीला कडक ऊन आणि पाण्याचा ताण सोसावा लागला, की एखादं फळ पुन्हा कडू निघतं. बाहेरून काही कळत नाही. तोच पोपटी रंग, तीच तुकतुकीत साल. शिजवलं म्हणून हे विष जात नाही. आणि त्यावर उतारा नाही. डॉक्टर सलाइन लावतात, रक्तदाब सांभाळतात आणि शरीराला निस्तरू देतात. जास्त गेलं असेल तर उलटीतून रक्त पडतं, रक्तदाब कोसळतो.

ही थिअरी नाही. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस पिऊन मृत्यू झाला. हो, शास्त्रज्ञाचा! त्यांच्या पत्नीही आजारी पडल्या, पण वाचल्या. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचं म्हणणं २०१२ मध्ये छापून आलं, आणि ते आईच्या भाषेत सांगण्याइतकं सोपं आहे. रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा, कडू लागली तर फेका. दुधीत कारल्याचा किंवा दुसरा कसलाही रस मिसळू नका. पिऊन मळमळलं, पोटात दुखलं, तर घरी वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. एवढं जाहीर होऊनही २०१८ च्या जूनमध्ये आमच्या पुण्यातच चाळिशीतली एक बाई दुधीच्या रसाने गेली. बातमी मीही तेव्हा वाचली होती. 'बापरे' म्हटलं आणि पान उलटलं.

ते 'मिसळू नका' मला फार पटलं. कारलं कडूच असतं, तो त्याचा स्वभाव. दुधीचा कडूपणा म्हणजे धोक्याची घंटा. दोन्ही एका ग्लासात आले की कोण बोलतंय ते जिभेला कळणार कसं? वर आलं, पुदिना, काळं मीठ म्हणजे बँडबाजाच. शिवाय भाजीत कडू फोड आली तर आपण एका घासात थांबतो. रसात अख्खा दुधी, रिकाम्या पोटी, दोन मिनिटांत आत जातो.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. २०१५ मध्ये जर्मनीतल्या हायडेनहाइमला ७९ वर्षांचे एक गृहस्थ झुकिनी खाऊन गेले. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली, घरच्या बागेतली. चव कडू होती. बायकोने थोडंच खाल्लं, ती वाचली. यांनी जास्त खाल्लं. 'पानात टाकू नये' हा संस्कार तिकडेही असावा.

आपल्याकडे तर त्याहून भारी संस्कार. पाडव्याला कडुलिंबाची पानं, तापात काढा, पोटासाठी किराईत. तोंड वाकडं केलं की पाठीवर थाप, 'कडू आहे ना? मग चांगलं आहे.' लहानपणापासून जिभेला गप्प बसायला शिकवलेलं. त्यात 'नॅचरल' हा शब्द आला की आपण डोळे मिटून पितो. पॅकेटमागची तारीख भिंग लावून वाचणारी मी, दुधीपुढे मात्र भक्त!

माझं ऐकून आई साताऱ्याहून आली. आल्याआल्या पहिला प्रश्न, "चाखली नव्हतीस फोड?"

"अगं आई, गाडीवर कोण फोड देतं?"

"मग घेऊ नये."

संध्याकाळी ती भाजी चिरायला बसली. दुधी कापला, एक कच्ची फोड जिभेवर ठेवली, मग बाकीचा चिरला. काकडीचं टोक कापून चाखलं. हे मी आयुष्यभर बघत आले होते आणि मला वाटायचं, चिरता चिरता खायची सवय आहे तिला. पोळीचा तुकडा वाया न घालवणारी ही बाई. एकदा दोडका कडू निघाला म्हणून तिने भरली कढई तशीच कचऱ्यात ओतली होती. तेव्हा बाबा चिडले होते. ती का, हे तिने कधी सांगितलं नाही. तिलाही तिच्या आईने सांगितलं नसणार.

दोन आठवड्यांनी टेकडीवर गेले. काकांना सगळं सांगितलं. आधी त्यांना पटेना. मग त्यांनी टोपलीतला दुधी कापला, फोड स्वतः खाल्ली, दुसरी मला दिली. दुधीसारखीच लागली, म्हणजे कशासारखीच नाही.

"गोड आहे, ताई. काढू?"

"नको. लिंबूपाणी द्या. साखर घालून."

मागे आजोबा उभेच होते. त्यांनी आधी फोड मागितली.