हात थरथरतो, तेव्हा...



उतारवयात एखाद्याचा हात कापू लागला, चाल मंदावली, की जेऊरसारख्या गावात दोन निदाने लगेच होतात. एक, ‘दारू पीत असेल’. दुसरे, ‘बाहेरचं काहीतरी आहे’. पहिल्याने माणसाची अब्रू जाते, दुसऱ्याने घरातला पैसा. प्रत्यक्षात तो पार्किन्सन हा मेंदूचा आजार असू शकतो.

आपल्या पेशींतील बरीच कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. अनेक माळा ठराविक घडी घालून बसतात. काही मात्र घडीच घालत नाहीत; सुट्या दोरीसारख्या हलत राहतात आणि जोडीदार भेटेल तसा आकार घेतात. अल्फा-सिन्युक्लिन हे असेच 140 मण्यांचे प्रथिन. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत याच्याच गाठी असतात, हे 1997 साली दिसून आले.

जिवंत पेशीच्या दाटीवाटीत हे प्रथिन कसे राहते? 2016 साली जर्मनीतील संशोधकांनी ते सस्तन प्राण्यांच्या पेशींत सोडून पाहिले. तिथेही ते सुटेच राहिले. मग गाठ होते कशी? 2020 साली पवईच्या आय.आय.टी.तील समीर माजी व सहकाऱ्यांनी दाखवले, की ही प्रथिने आधी द्रवाच्या थेंबांसारखी गोळा होतात, थेंब हळूहळू घट्ट होतात आणि त्यातून तंतू बनतात.

या दोन्ही प्रयोगांत ‘हेला’ नावाच्या मानवी पेशीही वापरल्या होत्या. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स यांच्या. अमेरिकेत तंबाखूच्या शेतात राबलेली ही कृष्णवर्णीय माता. 1951 साली कर्करोगाच्या उपचाराच्या वेळी तिच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्याच वर्षी, वयाच्या 31व्या वर्षी ती वारली. तिच्या पेशी मात्र जगभर वाढल्या, विकल्या गेल्या. घरच्यांना वीसेक वर्षे पत्ताच नव्हता. देह आपला आणि लाभ दुसऱ्याचा, हे आपल्या समाजाला सांगायला नको.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. दवाखान्यात कागदावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी तो शिकलेल्या मुलीकडून, मुलाकडून वाचून घ्या. विचारणे हा आपला हक्क आहे. आणि हात थरथरू लागला तर गंडेदोरे न करता सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात दाखवा. प्रत्येक थरथर पार्किन्सनची नसते. निदान डॉक्टरांनीच करावे. लेव्होडोपाच्या गोळ्यांनी आजार मुळातून जात नाही, पण हालचाल सुधारते. त्या मनाने बंद करू नका.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. देवऋषी ते कारण सांगू शकत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!